दोनशे अन् दोनशे पाच

दोन्ही बेस गिटार एकाच कंपनीचे. आकार तोच, रंग तोच, तारा चारच. जुन्याचा नंबर दोनशे, नव्याचा दोनशे पाच. भिंतीला टेकवून शेजारी उभे केले अन् एखाद्याला इचारलं, ह्यातला नवा कोणता, तर तो तुमच्याच तोंडाकडं बघत बसंल. पण मी बावीस वर्षं बेस वाजवतोय, मला इचारा. नव्याच्या पाठीत सेल घालायची डबी हाय, जुन्याला न्हाई. नव्याला बटनं चार, जुन्याला तीन. नव्याची दांडी कणभर बारीक, वजनाला बी पाव किलो हलका. बाकी सगळं सारखं. ह्या एवढ्याशा फरकावर माझं सगळं टांगलेलं होतं म्हणून इतकं बारीक सांगतोय. न्हाईतर मला काय गिटारी इकायच्या न्हाईत.

मी कारभारी, घाटनांदूरचा. आमची बुद्ध-भीमगीतांची पार्टी हाय, चतुराआक्कांची. आक्का साठीला आल्या, पण काळी चारची पट्टी लावून उभ्या राह्यल्या की मागचा मांडव जागा होतो. पंडित ढोलकीवर, मी बेसवर, अन् दोन वर्षांपासनं अंबाजोगाईचा सौरभ कीबोर्डवर. बेस म्हंजे भाजीतलं मीठ. हाय तवर कुणी नाव काढत न्हाई, नसलं की ताट सरकवतात. बावीस वर्षांत एकानं बी येऊन म्हणलं न्हाई की कारभारी, आज काय बेस वाजवलास. मला त्याचं काही वाटत नव्हतं. आक्का गाताना मधीच एकदा मान वळवून माझ्याकडं बघायच्या, तेवढं पुरत होतं.

दिवाळीपासनं बेस बिघडला.

सूर दाबला की फर्रर्र करायचा. कधी एखादा सूर मुकाच पडायचा, जसं कुणी त्याच्या तोंडावर हात ठिवला. पयल्यांदा मी तारा बदलल्या. मग वायर बदलली. मग अँप उघडून फुंकर मारली. मग साउंडवाल्याला शिव्या घातल्या, तो बिचारा म्हणला, "दादा, माझ्याकडनं सगळं नीट हाय बगा," तर त्याला अजून दोन घातल्या. घाटावरच्या एका कार्यक्रमात पंडितची ढोलकी पुढं अन् माझा बेस मागं, असं सबंध गाणं झालं. आक्कांनी मान वळवून बघितलं, पण ते बघणं येगळं होतं.

मला राग मातर यायचा. लई यायचा. दुसरं काही येत नव्हतं. म्हंजे कसं सांगू, बेस बिघडलाय ह्याचं वाईट वाटायला पायजे, भीती वाटायला पायजे, तर तसलं काही हालत नव्हतं आत. जेवायचो, झोपायचो, ओरडायचो. बायको म्हणायची, "तुमी आजकाल घरात असून नसल्यागत असता." मी म्हणायचो, "मग काय नाचू?"

मार्चमधी विहारात तालीम चालली होती. तिसऱ्या गाण्याला दोनदा सूर मुका पडला. आक्कांनी गाणं थांबवलं. पेटी मिटली, पाणी प्याल्या, अन् सगळ्यांसमोर इचारलं, "कारभाऱ्या, बेस बिघडलाय का तू?"

"बेस," मी म्हणालो.

"बरं. मग असं कर. सौरभनं तसलाच नवा घेतलाय ना, तो आणून वाजव. त्याच्यावर नीट वाजला तर मंडळाला सांगून तुला तसला नवा घेऊ, माझी जबान. न्हाई वाजला तर चौदा एप्रिलला बेसवर सौरभ बसंल. राग धरू नको. चौदाला अंबाजोगाईत किती लोक असतात तुला ठावं हाय."

मी म्हणालो, "धरतोय कशाला राग," अन् घरी येऊन जेवायची पितळी आपटली.

सौरभबद्दल एक सांगितलं पायजे. पोरगं सव्वीस-सत्तावीसचं, कॉलेजात नोकरीला हाय, लायब्ररीत. बेस त्याला मीच शिकवला. मला मामा म्हणतो. त्यानं दोनशे पाच घेतला तवा पेढे घेऊन पयला माझ्याकडं आलता. मी पेढा खाल्ला अन् म्हणालो, सेलवर चालणाऱ्या गिटारीत काय राम हाय, सेल गेला की खेळणं. तो हासला. आता त्याच खेळण्यासाठी मला त्याला फोन करायचा होता. पोरगं म्हणलं, "मामा, रविवारी घेऊन येतो. ठिवा तुमच्याकडं पायजे तितके दिवस." इतकं सरळ बोललं की मला अजूनच राग आला.

आता बोटांचं.

मला शिकवलं परळीच्या नाथामास्तरांनी. लग्नाच्या बँडात होते, नंतर ऑर्केस्ट्रात गेले. बेसच्या तारा म्हंजे काय साध्या न्हाईत, जाड, लोखंडी, गुंडाळलेल्या. पयले सहा महिने बोटं सोलून निघतात. मी रडकुंडीला आलतो तवा मास्तर म्हणाले, "तारेनं आदी बोट मारावं लागतं बाबा. बोट मेलं की मग हात बोलतो." ते मी गाठीला बांधलं. माझ्या डाव्या हाताची बोटं अशी मेली की काय सांगू. घट्टे पडले, दगड झाले. नव्या पोरांना मी बोटाचं टोक दाखवायचो अन् म्हणायचो, टाचणी टोच. टोचायची. मी हासायचो. गेल्या वर्षापासनं तर करंगळी अन् शेजारचं बोट पुरंच मेलं होतं. तव्यावरची भाकर मी उलथन्याशिवाय उलटायचो, शेजारची लेकरं बघायला जमायची. एकदा फोड आला. मी म्हणालो, बघा, ह्याला म्हंतात बेसवाला.

माझी बायको पंचशीला. ती आशाताई हाय, आमच्या भागात सगळी घरं तिला ओळखतात. फेब्रुवारीत कुष्ठरोग शोधायची मोहीम निघाली होती. घरोघर जायचं, माणसाला उजेडात उभं करायचं, अंगावर चट्टा हाय का बघायचं, असला तर पेनाच्या टोकानं टोचून इचारायचं, कळतंय का. तपासून झालं की दारावर खडूनं खूण करायची. ह्या कामात बाई लई खमकी. एका पुढाऱ्याच्या घरातला म्हातारा शर्ट काढंना म्हणून ती तासभर वट्ट्यावर बसून राह्यली होती. काढायला लावला तवाच उठली.

आमच्या दारावर मातर तिनं जाताजाताच खूण केली. मी वट्ट्यावर बसलेलो होतो. म्हणालो, "कावून गं, आपलं घर फुकटात पास?"

"तुमचं काय तपासायचंय, रोज बघतेच की," ती म्हणाली अन् पिशवी खांद्याला लावून निघाली.

माझ्या डाव्या हातावर कोपराखाली चट्टा होता. तळहाताएवढा, फिक्कट. मेडिकलवाल्यानं गजकर्णाचं मलम दिलतं, ते मी लावत होतो. खाजत नव्हता, दुखत नव्हता. जे दुखत न्हाई त्याची माणूस काळजी करत न्हाई.

रविवारी दुपारी विहारात आमी जमलो. ऊन मी म्हणत होतं, पंखे गरागरा फिरत होते. सौरभनं त्याचा दोनशे पाच काढला, माझ्या दोनशेच्या शेजारी ठिवला. पंडित म्हणला, "आरं, जुळे भाऊच की बे हे." मी दोन्ही हातात घेऊन बघितले. नवा हलका, हे कळलं. नव्याची बटनं फिरवली. आवाज जरा चढा, सेलचा जोर. मग बसून वाजवला. सूर नीट पडले. दोन मुके गेले, पण मी म्हणालो, दांडी बारीक हाय, सवय न्हाई अजून. मग जुना वाजवला. फर्रर्र.

"बघा," मी म्हणालो. "ऐकलं का? जुन्याची दांडी वाकलीय. मी दिवाळीपासनं बोंबलतोय."

आक्का खुर्चीत बसून पदरानं वारा घेत होत्या. मग म्हणाल्या, "नव्यावर बी दोन गेले."

"ते सवयीचं हाय."

"हं."

ते "हं" मला लागलं. लागलं म्हंजे राग आला, दुसरं काय. मी म्हणालो, "आक्का, माझे डोळे बांधा. सौरभ हातात देईल तो बेस मी वाजवतो अन् नुसत्या हातानं सांगतो जुना कोणता, नवा कोणता. बावीस वर्षं झालीत. चुकलो तर आजपासनं बेसला हात लावणार न्हाई."

पंडित म्हणला, "जाऊ दे की दादा, कशाला उगं." मी ऐकतोय थोडंच. शहाण्याला शब्दाचा मार, अन् मी शहाणा कधी होतो?

पंडितनंच उपरणं बांधलं डोळ्यावर. अंधार झाला. मांडीवर बेस आला. मी डावा हात दांडीवर फिरवला, वरून खाली, खालून वर. मग पयल्या गाण्याची चाल वाजवली. फर्रर्र झालं.

"हा जुना," मी म्हणालो.

काढून घेतला. थोडी खुडबूड ऐकू आली. दुसरा मांडीवर आला. पुन्हा हात फिरवला, दाबून, सावकाश. मला खरंच वाटलं, खोटं सांगत न्हाई, मला खरंच वाटलं की दांडी बारीक हाय. चाल वाजवली. बरी वाजली. करंगळीची जागा मी चलाखीनं टाळली होती, हे आता सांगतो, तवा मला बी कळलं नव्हतं. "हा नवा," मी म्हणालो. "हात बघा कसा चालतो, लोण्यावानी. हा घ्या मंडळाला सांगून. दुसरं काही बघायचंच न्हाई."

तिसऱ्यांदा आला. "हा जुना. घ्या, लांब करा त्याला."

पंखा तेवढा घुमत होता. मी म्हणालो, "काय, दातखीळ बसली का सगळ्यांची?" अन् उपरणं वर सारलं.

मांडीवर जुना बेस होता. दोनशे. नवा भिंतीला टेकून होता तसाच होता, त्याला कुणी हात बी लावला नव्हता. आक्कांनी सौरभला खूण केली होती, तिन्ही येळंला जुनाच दे म्हणून. पण सगळे ते बघत नव्हते. सगळे माझ्या हाताकडं बघत होते.

दांडीवर रक्त होतं. थोडंथोडकं न्हाई. पांढऱ्या पट्टीवर ओघळ आलता, माझ्या पँटीवर डाग पडला होता. उन्हाळ्यात लाकूड आकसतं अन् दांडीवरच्या पडद्यांचं, म्हंजे धातूच्या आडव्या काड्यांचं, टोक बाहेर येतं, तसं एक आलं होतं. त्याच्यावरनं मी तीनदा हात फिरवला होता, दाबून, सावकाश. करंगळी आतल्या बाजूनं पार कापली होती. मी तिच्याकडं बघितलं. ती माझी न्हाई असं वाटलं. दुसऱ्या कुणाची तरी करंगळी कापलीय अन् मी बघतोय, असं.

"मामा, दुखलं न्हाई?" सौरभनं इचारलं. त्याचा आवाज एवढासा झालता.

"बेसवाल्याची बोटं हायत," मी म्हणालो. कुणी हासलं न्हाई.

सौरभनं माझ्या हातातनं बेस घेतला. रुमालानं दांडी पुसली. पुसताना सवयीनं त्यानं मांडीवर घेतला अन् चार सूर वाजवले, वायर तशीच लागलेली होती. चारी सूर गोल, भरलेले, खाली जमिनीतनं आल्यागत. त्यानं लगीच हात काढला, जसं काही त्याच्या हातनं कप फुटला. पण वाजायचं ते वाजून गेलं होतं. बेसला काही झालेलं नव्हतं.

घरी आलो. बोटाला चिंधी गुंडाळलेली. पंचशीला भांडी घाशीत होती. मी सगळं सांगितलं, म्हंजे गिटारीचं सांगितलं, आक्कांनी कसं फसवलं ते सांगितलं, पडद्याचं टोक सांगितलं. तिनं हात धुतले. म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणणार होते तुमाला लई दिवसांपासनं." मग ती थांबली. "इकडं उजेडात या."

तिनं पिशवीतनं पेन काढला. मला दारात बसवलं, डावी बाही कोपराच्या वर सारली. म्हणाली, डोळे मिटा. टोचलं की बोट लावून दाखवा कुठं टोचलं ते. मी डोळे मिटले. वाट बघत बसलो. दारावरनं एक ट्रॅक्टर गेला. कुणाचं तरी लेकरू रडत होतं. मी म्हणालो, "अगं टोच की."

डोळे उघडले तर ती रडत होती. पेन माझ्या चट्ट्यावर टेकलेला होता. चिंधीबाहेरच्या करंगळीच्या टोकावर शाईचे सात-आठ ठिपके होते.

"मला दिसला होता," ती म्हणाली. "चट्टा. संक्रांतीच्या आदीच दिसला होता. मनात आलतं. पण कागदावर लिहिलं की दवाखान्यात जाणार, दवाखान्यात गेलं की गावाला कळणार, मग पार्टी सुटली तर तुमी काय करचाल? म्हणलं गजकर्णच असंल. दुसऱ्याच्या घरात मी भांडून तपासलं. आपल्या दारावर न बघता खडू ओढला. मी, मी खडू ओढला."

तिला काहीतरी बोलायला पायजे होतं मी. ओरडायला तरी पायजे होतं. मी नुसता बसून राह्यलो. तिच्या खांद्यावर उजवा हात ठिवला, कारण ते करायचं असतं हे मला माहीत होतं. रडू यायला पायजे होतं, तेबी आलं न्हाई.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, नीट बोलल्या. कोपरामागची शीर दाबून बघितली, दोरीगत जाड झालती. म्हणाल्या, रोग बरा होतो, शंभर टक्के. वर्षभर गोळ्या, एक दिवस बी चुकवायची न्हाई. गोळ्या सुरू झाल्या की तुमच्यापासनं कुणाला होणार न्हाई. मी इचारलं, "बोटं?" त्या म्हणाल्या, "लवकर आला असता तर नक्की सांगितलं असतं. आता थोडं परत येईल, किंवा नाही येणार. बघू." मग म्हणाल्या, तुमच्या रोजच्या संगतीतल्या माणसांना एक-एक डोस द्यायचा असतो, खबरदारी म्हणून. वीस नावं लिहून द्या. तुमची परवानगी असली तरच आम्ही त्यांच्याकडं जाऊ. डोसाच्या गोळ्या त्यांनी पंचशीलाकडंच दिल्या.

घरी येऊन कागद पुढं ठिवून बसलो. पंचशीलाचं नाव लिहिलं. शेजारच्या दोन घरांची लिहिली. मग पेन थांबला. रोजची संगत म्हंजे पार्टी. एका गाडीत खेटून जायचं, एका ताटात जेवायचं, एकाच ग्लासानं पाणी प्यायचं. आक्का, पंडित, सौरभ. नाव लिहिलं की पंचशीला गोळी घेऊन त्यांच्या दारात उभी राहणार अन् ते इचारणार, कशाची गोळी?

लहानपणचं एक सांगतो. आमच्या वस्तीच्या पलीकडं ओढ्याला एक म्हातारा राहायचा. त्याला हाच रोग होता, तवा त्याला महारोग म्हणायचे. गावानं आमाला बाहेर ठिवलं होतं अन् आमी त्याला आमच्याबी बाहेर ठिवलं होतं. माझी आई त्याला भाकर द्यायची. रोज द्यायची, पुण्यवान बाई. पण वरून टाकायची, हात लांब करून. तिच्या लहानपणी तिला जसं कुणी वरून पाणी वाढलं होतं, अगदी तसंच. म्हाताऱ्याची बोटं नव्हती, तो दोन्ही मनगटांनी भाकर झेलायचा. मी बघायचो. मला ते आता रोज दिसायला लागलं.

"लिहा न्हाईतर लिहू नका," पंचशीला म्हणाली. "मी एकदा खोटं केलं. आता मी तुमच्याकडनं काही लिहून घेणार न्हाई अन् पुसून बी टाकणार न्हाई. तुमचं तुमी ठरवा."

तीन दिवस कागद तसाच राह्यला. गोळ्या खात होतो. सौरभचा फोन आला दोनदा, उचलला न्हाई. चौदा तारखेला अकरा दिवस होते. मी मनाशी हिशेब मांडत बसायचो: करंगळी अन् तिच्या शेजारचं सोडलं तर दोन बोटं चांगली हायत. नवा बेस हलका हाय, दांडी बारीक हाय. दोन बोटांनी चाल सोपी करून वाजवली तर? आक्कांना म्हणायचं, बोटाला टाके पडलेत, जखम भरली की होईल. कुणाला काय कळणार? लोकांना बेस ऐकू थोडाच येतो. खरं सांगतो, मी तसंच करणार होतो. वाक्य सुद्धा पाठ केलतं.

चौथ्या दिवशी सकाळीच आक्का आल्या. एकट्याच, रिक्षानं. वट्ट्यावर बसल्या, पंचशीलानं चहा दिला. म्हणाल्या, "जय भीम कारभारी. फोन उचलत न्हाईस. मी त्या दिवशी फसवलं म्हणून रुसलास व्हय? फसवलं, कबूल. मला बघायचं होतं की गिटारीचं हाय का हाताचं. बोट बरं झालं का तुझं?"

वाक्य तोंडाशी आलतं. टाके पडलेत, जखम भरली की होईल. मी आक्कांकडं बघितलं. ह्या बाईनं चाळीस वर्षं गावोगाव एकच गोष्ट गायली, माणसानं माणसाला शिवावं म्हणून. आता तिला सांगितलं अन् ती चहाचा कप ठिवून उठली, तर तिचं गाणं बी खोटं होईल अन् माझी बावीस वर्षं बी. न सांगितलं तर दोन्ही राहतील. मला तेवढीच भीती होती. पण भीती होती, हे विशेष. इतक्या महिन्यांनी आत काहीतरी हाललं होतं.

"आक्का," मी म्हणालो, "मला कुष्ठरोग झालाय. ह्या हाताची दोनच बोटं कामाची राह्यलीत. गोळ्या चालू हायत. आता कुणाला होत न्हाई माझ्यापासनं, डॉक्टरीणबाई म्हणल्यात. पण तुमाला, पंडितला, सौरभला एक-एक गोळी घ्यावी लागंल. खबरदारी म्हणून."

आक्कांनी कप खाली ठिवला.

पंचशीला चौकटीत उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला होता. मला वाटलं, झालं. मी जमिनीकडं बघत बसलो. आक्का उठल्याचं ऐकू आलं. साडीचा आवाज झाला. मग त्या माझ्या डाव्या अंगाला येऊन बसल्या, खेटून, गाडीत बसतात तशा. पंचशीलाला म्हणाल्या, "दे गं पोरी गोळी. अन् पाणी आण." गोळी घेतली. पाणी प्याल्या. ओठ पुसले.

"मी तुला सगळ्यांसमोर इचारलं," त्या म्हणाल्या. "बेस बिघडलाय का तू. असं इचारायला नको होतं मी. माझं चुकलं, कारभारी."

माझ्या डोळ्यात पाणी आलं, अन् मी ते पुसलं न्हाई.

"चौदाचं काय करायचं?" त्यांनी इचारलं. "तू म्हणशील तसं. दोन बोटांनी वाजवतो म्हणालास तर दोन बोटांनी. मी संभाळून घेईन."

मी खाली बघितलं. आक्कांनी माझा डावा हात त्यांच्या दोन्ही हातांत घेतला होता. कधी घेतला ते मला ठावं न्हाई. त्यांचा अंगठा माझ्या करंगळीवरनं फिरत होता, चिंधीच्या कडेनं, हळू, लेकराला थोपटतात तसा. मी बघत होतो.

"सौरभला बसवा," मी म्हणालो.

आक्कांनी हात घट्ट दाबला. अंगठ्याचं नख पांढरं झालं, त्यावरनं कळलं.